सर्व्हर ठेवताना आमचाही विचार करा: ऑनलाइन फॅन्टसी गेम चालवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
ऑनलाइन फॅन्टसी रोल-प्लेइंग गेम बनवणाऱ्या आणि त्यांचे सर्व्हर, म्हणजे गेम चालवणारी मध्यवर्ती यंत्रं, कोणत्या शहरात ठेवायची हे ठरवणाऱ्या सर्व कंपन्यांना,

सप्रेम नमस्कार.

नुकताच आलेला एक नवा गेम मी सध्या रोज रात्री खेळते आहे. त्याचं नाव मुद्दाम घेत नाही. मला जे म्हणायचंय ते एका कंपनीपुरतं नाही, तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांना लागू आहे. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण ज्यांच्या वतीने लिहिते ती मंडळी तुमच्या गेममध्येही मराठीतच बोलतात. तुमच्या पुण्या-मुंबईच्या ऑफिसात बसलेलं कोणीतरी ते वाचेल आणि वरपर्यंत पोहोचवेल, असा विश्वास आहे.

आधी गेमबद्दल सांगते, कारण तो मला फार आवडला आहे.

सुरुवात एका बंदरात होते. मी हीलर घेतली, म्हणजे सोबत्यांच्या जखमा भरणारी. मला नेहमी तेच आवडतं. नाव ठेवलं, केस निवडले, भुवईवर एक जुना व्रण काढला आणि धक्क्यावर उतरले, तर पाऊस पडत होता. पाऊस म्हणजे नुसता पडद्यावरून ओघळणारा नाही. मासळीच्या टोपल्यांवर ताडपत्री ओढली जात होती, लोहाराने भट्टी आत घेतली होती, आणि पहिलं काम देणारी म्हातारी पडवीत सरकून बसली होती. तिला मिठागरातून परत न आलेल्या मुलाचा शोध हवा होता. नकाशावर बाण नाही, ठिपका नाही. ती म्हणते, "ओहोटीला निघालीस तर पायवाट दिसेल." मी भरतीला गेले, पायवाट पाण्याखाली. मग थांबले आणि पाणी उतरताना पाहिलं. गेमने मला काहीही न करता थांबायला लावलं आणि तो वेळ मला वाया गेल्यासारखा वाटला नाही, ही मोठी गोष्ट आहे. लिहिणाऱ्यांना माझी मनापासून दाद.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. मिठागराच्या बांधावर उभी असताना जंगलातून एक दगडी राक्षस बाहेर आला. मी एकटी असते तर दोन फटक्यांत संपले असते. पण रस्त्याने जाणारा प्रत्येक जण वळला. कोणी मासे पकडत होता, त्याने गळ टाकला. कोणी घोड्यावरून चालला होता, तो उतरला. कोणी कोणाला बोलावलं नाही, कोणी ग्रुपचं आमंत्रण पाठवलं नाही. मी अनोळखी माणसांना हील देत राहिले आणि त्यांनी मला पाठीशी घातलं. राक्षस पडल्यावर एका मोठ्या लेव्हलच्या योद्ध्याने माझ्यासमोर वाकून नमस्कार केला, हातात दोन भाकऱ्या टाकल्या आणि निघून गेला.

आपल्याकडची मुलं मोबाइलवर शंभर जणांच्या बेटावर उतरतात आणि शेवटचा एक उरेपर्यंत लढतात. त्या खेळाशी माझं भांडण नाही, माझा भाचा तो उत्तम खेळतो. पण दुसरा माणूस दिसला की आपल्याला बरं वाटावं, अशा पद्धतीने बांधलेला खेळ त्याने कधी पाहिलाच नव्हता. बांधावरची ती लढाई त्याने माझ्या खुर्चीमागे उभं राहून पाहिली आणि विचारलं, "मावशी, ह्यांना तुला मदत करून काय मिळतं?" त्याच रात्री त्याने स्वतःचं अकाउंट काढलं.

इथवर सगळं छान. मग आम्ही पहिल्या डंजनमध्ये, म्हणजे एका ग्रुपपुरत्या बंद जागेतल्या लढाईत, गेलो.

आमचा ग्रुप चार जणांचा. टँक (शत्रूचे घाव अंगावर घेणारा) नाशिकचा, एक धनुर्धारी सांगलीचा, तिसरा दुबईत नोकरीला असलेला कोल्हापूरचा मुलगा, आणि हीलर मी, कल्याणहून. गेममध्ये भारत नावाचा विभाग नाही. उपलब्ध विभागांत त्यातल्या त्यात जवळचा युरोप, म्हणून आम्ही तिथे. पिंग, म्हणजे बटण दाबल्यावर सर्व्हरचं उत्तर परत यायला लागणारा वेळ, एकशे चाळीस मिलिसेकंद, कधी दीडशे.

शेवटचा बॉस, म्हणजे डंजनमधला सगळ्यात बलाढ्य शत्रू, जमिनीवर लाल वर्तुळ काढतो. ते भरायच्या आत बाहेर पडायचं. मी पडले. माझ्या पडद्यावर मी वर्तुळाच्या रेषेपासून दोन पावलं बाहेर उभी होते, आणि तिथेच मेले. दुसऱ्या वेळी लवकर निघाले, तर टँकपासून लांब गेले आणि हील पोहोचला नाही. टँकचा हेल्थ बार मला अर्धा दिसतो तेव्हा तो खरा पाव उरलेला असतो. मी बटण दाबते, ते युरोपात पोहोचेपर्यंत बॉसचा पुढचा घाव बसलेला असतो. आणि सगळ्यात विचित्र गोष्ट म्हणजे आवाज. आमचं व्हॉइस चॅट डिस्कॉर्डवर चालतं आणि डिस्कॉर्डचा सर्व्हर भारतात आहे. टँक बॉसने हात उगारताच ओरडतो, त्यामुळे नाशिकहून "ताई, हील, हील!" ही हाक माझ्या कानात आधी येते, आणि ती ज्या घावासाठी मारली तो घाव माझ्या पडद्यावर नंतर दिसतो. हाक ऐकून मी दिलेला हील बार बघून दिलेल्या हीलपेक्षा जास्त वेळा कामी आला. आम्ही बॉस पाडला तो असा, डोळ्यांवर विश्वास न ठेवता.

हा प्रश्न आमच्या वायफायचा नाही. घरी फायबर आहे, केबलने जोडलेला कॉम्प्युटर आहे. प्रश्न अंतराचा आहे आणि ते अंतर तुमच्या इंजिनिअरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर. जाऊन-येऊन पासष्ट मिलिसेकंद, तेही तार सरळ असती तर. ती सरळ नाही. ती अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात, इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात जाते. म्हणून व्यवहारात शंभराच्या खाली येणं कठीण. आणि त्या अरुंद वाटेवर काही झालं तर विचारूच नका. ६ सप्टेंबर २०२५ ला जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या, तेव्हा भारत-पाकिस्तानातलं इंटरनेट मंदावल्याच्या बातम्या आल्या होत्या. ज्याचा डंजन हजारो मैलांवरच्या फ्रँकफर्टात आहे त्याच्यासाठी ती बातमी म्हणजे त्या आठवड्याची रेड, म्हणजे दहा-वीस जणांची ठरवून केलेली मोठी लढाई, रद्द.

वीस वर्षांपूर्वी हे खपून गेलं असतं. २००४ मध्ये वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला तेव्हा लढाईचा ठेका सावकाश होता. एक वार केला की पुढच्यासाठी दीड सेकंद थांबावं लागे आणि त्या दीड सेकंदात आमचं अंतर लपून जाई. फायनल फॅन्टसी चौदामध्ये हा मधला वेळ अडीच सेकंदांचा आहे. पण त्या फटीत जाणकार खेळाडू आणखी दोन चाली बसवतात, आणि प्रत्येक चालीनंतर सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहावी लागत असल्याने लांबच्या माणसाची दुसरी चाल बाहेर सांडते. गिल्ड वॉर्स २ मध्ये लोळण घेऊन घाव चुकवायला पाऊण सेकंद मिळतो. आजचे नवे गेम याच दिशेने आणखी पुढे गेलेत. बरोबर क्षणी ढाल उचला, बरोबर क्षणी लोळण घ्या. लढाई जितकी चपळ झाली तितके आम्ही लांब गेलो. नवा गेम आखताना तुम्ही घाव चुकवण्याची मुदत ठरवता, तेव्हा ती कोणत्या शहरातल्या माणसासाठी ठरवता, हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. तोही हाच गेम खेळतो, तोही हीलरच, गिअरसुद्धा, म्हणजे शस्त्रं-चिलखत, जवळपास सारखाच. त्याचा पिंग वीसच्या आसपास. व्हिडिओ कॉलवर त्याने मला तोच बॉस खेळून दाखवला. लाल वर्तुळ उमटलं, तो आरामात शेवटचा हील पूर्ण करून मग बाहेर पडला. माझ्यात आणि त्याच्यात कौशल्याचा फरक असेलही, पण तो मोजायचा कसा? आम्ही एकाच गेममध्ये नाही आहोत.

आता घड्याळाकडे येते, कारण माझ्या मते पिंगपेक्षाही हा मुद्दा मोठा आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

असे गेम एकट्याचे नसतात. गिल्ड, म्हणजे नेहमी एकत्र खेळणाऱ्यांचा संघ, जमते ती ठरलेल्या वेळी, आणि ती वेळ विभागातल्या बहुसंख्य लोकांच्या संध्याकाळी असते. जर्मनीत हिवाळ्यात रात्रीचे आठ वाजतात तेव्हा कल्याणमध्ये साडेबारा झालेले असतात. रेड तीन तासांची धरली तर आम्ही साडेतीनला झोपणार आणि सातची लोकल पकडणार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या सर्व्हरवर गेलो तर त्यांच्या रात्री आठला आमच्याकडे सकाळचे साडेसहा, म्हणजे घरात डबे भरायची वेळ. आणि आमच्या रात्री नऊला, जेवणं उरकून जेव्हा आम्ही खरोखर मोकळे असतो, तेव्हा युरोपात दुपार असते. शहरं ओस. डंजनसाठी रांगेत उभं राहावं तर टँक मिळत नाही. त्या दगडी राक्षसासमोर दुपारी मी एकदा एकटीच उभी होते. मग तो जंगलात परत गेला.

माझ्या भाच्याने खेळणं सोडलं. त्याला लॅगचा, म्हणजे या उशिराचा, राग नव्हता, त्याला ती ओस शहरं आवडली नाहीत. तो म्हणाला, "इथे कोणीच नसतं." तुमच्या कागदावर त्याची नोंद काय झाली असेल याचा मी विचार करते. भारतातला एक खेळाडू, आला, थोडे दिवस राहिला, गेला. मग कोणीतरी निष्कर्ष काढला असेल की भारतात या प्रकाराला मागणी नाही, तिथे सगळे मोबाइलवर गोळीबार खेळतात. मागणी होती. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती.

तुमचा सर्व्हरचा नकाशा पाहू. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनचे पीसीवर दोनच मोठे सर्व्हर, उत्तर अमेरिका आणि युरोप. गिल्ड वॉर्स २ चंही तसंच. फायनल फॅन्टसी चौदाची जपान, उत्तर अमेरिका, युरोप आणि ओशनिया (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचा भाग) अशी केंद्रं आहेत. न्यू वर्ल्ड २०२१ च्या सप्टेंबरात निघाला, स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावरून एका वेळी नऊ लाखांहून जास्त माणसं खेळत होती, पण आशिया-पॅसिफिकसाठी दिलेलं केंद्र होतं ते सिडनीत. त्या जगात आता नवी भर घालायची नाही असं कंपनीने २०२५ मध्ये जाहीर केलं, म्हणजे भारतीय खेळाडूला जवळचा सर्व्हर न मिळताच त्याची उमेदीची वर्षं सरली.

याच्या शेजारी दुसरा नकाशा ठेवा. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या कितीतरी केबल जमिनीवर येतात. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती ओळीने उभ्या आहेत. मी ठाण्याहून वाशीला जाताना त्यांच्या शेजारून जाते. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, गुगलचं २०१७ पासून. मायक्रोसॉफ्टचं मध्य भारताचं केंद्र २०१५ पासून पुण्यात आहे. आणि एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन व वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हे दोन्ही आज मायक्रोसॉफ्टच्याच छत्राखाली आहेत. जागा, वीज, तारा, माणसं, सगळं इथे आहे. बँका इथे चालतात, ओटीटी इथून चालतं. व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम २०२० मध्ये आला आणि त्याच वर्षी मुंबईत सर्व्हर मिळाला. त्यानंतर इथे त्याच्या स्पर्धा, संघ, प्रेक्षक उभे राहिले. सर्व्हर आधी, मग समाज. तुम्ही उलट क्रमाची वाट बघत बसला आहात.

तुमची एक अडचण मला पूर्ण मान्य आहे. गोळीबाराच्या खेळाला दहा माणसं जमली की सामना होतो. तुमच्या गेमला अख्खं गाव लागतं. बाजारात विकणारे हवेत आणि घेणारे हवेत, खाणीत खोदणारे हवेत, रात्री रेडला दहा-वीस जण हवेत. भारतासाठी वेगळा सर्व्हर काढला आणि तो भरला नाही, तर रिकाम्या गावात राहण्यापेक्षा लांबचं गजबजलेलं गाव बरं. हे मी स्वतःही म्हणेन.

पण यावर उत्तर आहे आणि ते तुमच्याच धंद्यातलं आहे. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण बघा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये ओशनियाचे म्हणून ओळखले जाणारे रिल्म (खेळाची स्वतंत्र जगं) कितीतरी वर्षं होते, आणि त्यांची यंत्रं मात्र अमेरिकेत होती. पिंग वाईट होता, पण घड्याळ त्यांचं होतं. संध्याकाळी गावात माणसं भेटत, त्यांच्या वेळेला रेड होत, गिल्ड टिकल्या. मग २०१४ मध्ये यंत्रं ऑस्ट्रेलियात आली, तेव्हा आत राहणारी माणसं आधीच तयार होती. फायनल फॅन्टसी चौदामध्येही ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातले खेळाडू जपानच्या केंद्रातल्या टॉनबेरी या एका जगात आपणहून जमायचे. जानेवारी २०२२ मध्ये ओशनियाला स्वतःचं केंद्र मिळालं. दोन्हीकडे आधी घड्याळ, मग यंत्र.

आम्हालाही तोच क्रम चालेल. पहिल्या दिवशी मुंबईत रॅक लावा असं मी म्हणत नाही. सध्याच्या विभागात एक जग, एक रिल्म, एक सर्व्हर, जे काय तुमच्याकडे म्हणत असतील ते, दक्षिण आशियाच्या वेळेचं म्हणून जाहीर करा. यादीत तसं लिहा. रोजच्या कामांची आणि ठरलेल्या लढायांची वेळ भारतीय संध्याकाळी लावा. आज आम्ही युरोपच्या सगळ्या सर्व्हरांवर विखुरलेले आहोत, एकमेकांना सापडत नाही. पाटी दिसली की माणसं एका जागी येतील.

त्यानंतर यंत्र सिंगापूरला ठेवलंत तरी आमचा पिंग साठच्या आसपास येईल. साठवर मी आनंदाने हीलर खेळेन. तो विभाग एकट्या भारताचा असायचीही गरज नाही. आमच्या रात्री नऊला दुबईत साडेसात वाजलेले असतात आणि सिंगापुरात साडेअकरा. आखातातले, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेशातले, मलेशिया-सिंगापूरचे, सगळे एका संध्याकाळी मावतात. एवढ्या लोकांत गाव भरणार नाही, असं मला कोणी पटवून दाखवावं. आणि सर्व्हर मुंबईला आणलात तर आमच्या दुबईच्या मुलालाही तो युरोपपेक्षा कितीतरी जवळ पडेल.

आणखी एक वाट तुमच्या तंत्रज्ञांनी तपासावी. शहर, बाजार, रस्ते लांब असले तरी चालतं. भाजी घेताना दीडशेचा पिंग कोणाला टोचत नाही. टोचतो तो डंजनमध्ये. डंजन ही चार-पाच जणांची बंद खोली असते, तिचा बाकीच्या जगाशी तेवढ्यापुरता संबंध नसतो. मग ती खोली त्या चौघांच्या जवळच्या यंत्रावर का उघडू नये? अवघड असेल, खर्चिक असेल, पण गाव न फोडता अंतर कमी करण्याचा याहून चांगला उपाय मला दिसत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. दर महिन्याचं सबस्क्रिप्शन आपोआप कापण्याचे नियम रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक केले. ते ग्राहकाच्या भल्याचेच आहेत, पण परदेशी कंपन्यांची कितीतरी सबस्क्रिप्शन त्यात अडकली. स्टीमने यूपीआय घेतलं, तुम्हीही घ्या, आणि किंमत रुपयांत ठेवा. फुकट खेळायची सवय असलेले म्हणून आमच्याकडे पाहू नका. चांगल्या जगासाठी महिन्याला पैसे भरणारी माणसं माझ्या गिल्डमध्येच बसली आहेत.

शेवटची विनंती सगळ्यात सोपी आणि लगेच करण्यासारखी आहे. पुढचा गेम बाहेर काढायच्या आधी तुम्ही सर्व्हरची चाचणी घेता, हजारो लोकांना बोलावता. त्यातली एक फेरी भारतीय वेळेनुसार शनिवारी रात्री नऊ ते बारा ठेवा, आणि सिंगापूर किंवा मुंबईच्या यंत्रावर ठेवा. आधी मराठी, हिंदी, तमिळ, बंगाली खेळाडूंच्या गिल्डना कळवा. आम्ही बातमी पसरवू, लोक आणू, दोष लिहून देऊ. त्या तीन तासांत किती माणसं आली ते मोजा आणि मग ठरवा. आमच्या चौघांपैकी सांगलीच्या मुलाची शनिवारी रात्रपाळी असते. त्या दिवशी सुट्टी टाकायचं त्याने आत्ताच कबूल केलं आहे.

आपली,
एक हीलर
कल्याण